नवसागर

एप्रिलात आमच्या शाळेच्या पत्र्याखाली
कपाटातली मेणबत्ती
कोणी पेटवल्यावाचून वाकते.
डुलीचंद म्हणाला, "मॅडम, हे तं झोपली."
मी म्हटलं, तिचे रेणू आपसात नुसते टेकलेले,
पवनीच्या बाजारात खांद्याला खांदा लागावा तेवढेच.
थोडी धग लागली की ज्याचा तो मोकळा.
रेणूच्या आतली गाठ मात्र सुटत नाही.

मग चमच्यात साखर. पिवळी झाली, तपकिरी झाली,
पोट्टे बोट लावायला धावले.
मग मीठ.
स्पिरिटच्या दिव्यावर मीठ तडतडलं
आणि बसून राहिलं.
तास संपला, स्पिरिट संपलं, मीठ मीठच.
फळ्यावर मी अधिक-उणे मांडले:
प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन,
प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम,
कोण कोणाचा, सांगता येत नाही.
"आठशे एक अंश," मी म्हणाले.
कोणी लिहून घेतलं नाही.

शेवटच्या बाकावरून शगुफ्ता:
"आमच्या अब्बाचा भाता आहे ना."

शब्बीरभाईंनी भाता कधीच माळ्यावर टाकलेला.
घरोघरी स्टील. आता ते पंक्चर काढतात.
तरी चिंचेखाली खड्डा खणला, कोळसा फुलवला,
शेजारची तांब्याची गंजी मागून आणली.
मिठाची पुडी मी शाळेतच विसरले होते.

कथिलाची कांडी टेकली आणि
चांदीसारखी धावली.
तांबं नुसतं तापलं, जागचं हललं नाही.
धातूत इलेक्ट्रॉन साऱ्या गावाचे असतात, मी सांगू लागले,
पण कथिलाची पकड सैल, आणि तांब्याची...
"मॅडम, जरा सरका," शब्बीरभाई म्हणाले
आणि चिमूटभर नवसागर टाकला.

तो वितळलाच नाही.
पांढरा लोट उठला, डोळ्यांत गेला,
पोट्टे खोकत मागे पळाले.
तेही एक मीठच. पण तापलं की त्याचे दोन वायू होतात,
तुटून निघतात,
आणि हातभर वर, जरा गार हवा लागताच
पुन्हा एकमेकांना धरतात.
आपण धूर म्हणतो, ते त्यांचं भेटणं.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं,
शब्बीरभाईंना नाकातून.
कापसाचा बोळा फिरला. गंजीत
आमची तोंडं दिसू लागली, जरा वाकडी.

शगुफ्तानं ओढणीच्या टोकानं
अब्बाच्या पांढऱ्या झालेल्या भुवया पुसल्या.
थोडं पुसलं गेलं.
उरलेलं पांढरं
नवसागराचं नव्हतं.