दोष आढळला नाही

हायवेत माझी एकवीस कलमं गेली.
भरपाई आली, त्यातून ही गाडी घेतली.
म्हणजे रस्त्याला झाडं दिली
आणि रस्त्यावर फिरायला पुन्हा झाडंच वापरली,
असं पास्कू म्हणतो.
पास्कू माझ्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो,
सर्जेकोटला, जेटीपासून शंभर पावलांवर.
कॉम्प्रेसर माझ्याहून चार वर्षांनी मोठा.
ठोकला की चालतो.

गाडीला कुठे ठोकायचं?
पहिल्या दिवशी पास्कूने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
वाकून पोटाखाली बघितलं, मग विचारलं,
“भाऊनू, हिका ग्रीस खंय मारूचा?”

दाराच्या मुठी आत दडलेल्या.
मालक जवळ आला की बाहेर येतात,
कासवाने मान काढावी तशा.
दिवाळीपर्यंत येत होत्या.
मग खाऱ्या वाऱ्याने उजवीकडची एक धरली.
आता ती मंगळवारी येते, कधी शनिवारी,
आणि मी डावीकडून शिरून
आडवा होत, गुडघा आपटत स्टिअरिंगपाशी सरकतो,
साठीचा माणूस, पाऊण कोटीच्या गाडीत,
चोरासारखा.

पण चालते तेव्हा!
पहाटे चारला लिलावाला जाताना
कुत्रीसुद्धा उठत नाहीत.
टायरखाली वाळू करकरते, तेवढाच काय तो आवाज.
जन्मभर मी यंत्रांची तब्येत कानाने ओळखली,
ही बोलतच नाही.
बोलली ती एकदम चौके गावाच्या उतारावर:
“सुरक्षित ठिकाणी थांबा.”
डावीकडे गडगा, उजवीकडे गडगा,
मागे बोंडांनी भरलेला टेम्पो हॉर्न मारतोय.
थांबलो. तिथेच संपली.

ओढायची नाही, उचलायची, असं पुस्तकात लिहिलंय.
पणजीहून उचलणारा ट्रक आला सात तासांनी.
तोवर समोरच्या घरातून तीनदा चहा आला,
आणि काचेच्या छपरावर एक मांजर
पोट वर करून झोपून उठलं.
नऊ दिवसांनी गाडी आली, सोबत कागद:
‘दोष आढळला नाही.’
असे चार कागद झालेत आता,
लायसन्सच्या पाकिटात ठेवतो.

केतकी रॉटरडॅमला असते.
गाडी घेतली तेव्हा तिच्याही फोनवर चावी घातली होती,
गंमत म्हणून.
तिला तिथे नकाशावर एक ठिपका दिसतो
आणि शेजारी टक्के.
आधी पंधरवड्याने फोन करायची.
आता ठिपका दोन दिवस हलला नाही की करते.
“बाबा, घरीच आहात?”
“पणजीत काय करताय इतके दिवस?”
“अठराच टक्के राहिलेत. लावा ना.”
जेवलात का, असं ती कधीच विचारत नव्हती,
अजूनही विचारत नाही.
टक्के विचारते.
मला कळतं.

म्हणून शिमग्याच्या आधी ताप भरला होता तेव्हाही
तिन्हीसांजेला उठलो, डावीकडून शिरलो,
जेटीपर्यंत गेलो आणि मागे फिरलो.
दीड किलोमीटर ठिपका हलवून आलो.
बर्फाच्या लाद्या उतरवताना पास्कूने बघितलं,
माझ्या अंगावरची शाल बघितली.
“गाडी बरी चलता हा आज,” एवढंच म्हणाला.

शोरूमचा पोरगा म्हणतो, परत घेतो, भाव बरा देतो,
तुमच्याकडच्या हवेला पेट्रोलचीच ठीक.
बघतो, म्हणतो मी.
गेल्या वर्षापासून बघतोच आहे.

रात्री लाइट गेली की कॉम्प्रेसर गप्प होतो
आणि त्या शांततेने मला जाग येते.
खिडकीतून शेड दिसते.
कोणी जवळ नसताना
तिची मूठ हळूच बाहेर आलेली असते,
उजवीकडची, तीच.
चपला शोधून मी अंगणात पोचेपर्यंत
परत आत गेलेली.