पान अठरा

रबाळ्याला, नाल्याच्या कडेच्या शेडमध्ये
पाच नंबरचं टेबल माझं.
डावीकडे प्लॅस्टिकच्या साध्या डब्या,
उजवीकडे मखमली खोके, आत सॅटिनची फीत.
तबकडी दोन्हीकडे तीच,
तीच आठ गाणी, गाणाऱ्या बाई त्याच.
साधी नव्याण्णवला,
डीलक्स चारशे नव्याण्णवला.

वरच्या चारशेचं काय घालता,
मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.
गवाणकर सुपरवायझर कानावरचं पेन काढून म्हणाले,
ज्याला ऐकायचंय त्याला साधी.
ज्याला ठेवायचंय त्याला डीलक्स.
रुक्साना शेजारून म्हणाली,
मटण सगळ्यांना एकाच टोपातलं गं,
नवऱ्याच्या मामाला नळी.

पटलं मला.
दिवसाला सातशे साध्या, नव्वद मखमली.
फीत दुमडायची नाही,
मखमलीवर बोट उमटवायचं नाही,
दुपारनंतर पारदर्शक कागद तापवणाऱ्या मशीनपाशी
कोणी उभं राहायचं यावरून भांडायचं नाही.

साध्या डबीत एकच कागद, घडीचा.
त्यावर बाईंचं नाव, कवीचं, चाल लावणाऱ्याचं,
कंपनीचा पिनकोडसकट पत्ता,
आणि सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत :
आणि साथीदार.

त्या दोन शब्दांत माझे बाबा बसलेले असत,
इतर अकरा जणांना खेटून,
क्लॅरिओनेट मांडीवर आडवं धरून.
कंपनीने त्यांना भेट दिली होती ती साधीच.
घणसोलीच्या घरात टीव्हीवर ठेवलेली,
पाहुण्यांना दाखवायला काढायचे
आणि नाव कुठे शोधायचं ते
पाहुण्यांना सांगायचे नाहीत.

डीलक्समध्ये पुस्तिका, चोवीस पानांची.
पहिली सतरा पानं बाईंचे फोटो.
पान अठरा.
क्लॅरिओनेट : दामोदर केनी.
न नळाचा छापलेला. हवा होता बाणाचा.
पण छापलेला होता.

म्हणजे ही चारशेची गोष्ट.
गाणं नव्याण्णवला मिळतं,
ते कोणी वाजवलं हे कळायला
मखमल विकत घ्यावी लागते.

कामगारांना दहा टक्के सूट होती.
पगारातून दोनदा कापून घेतली मी एक.
त्यात आणखी एक पातळ तबकडी :
राहून गेलेली दोन गाणी,
आणि तालमीचा तुकडा, सव्वा चार मिनिटांचा.

रात्री जेवणं झाल्यावर लावली.
तुकड्यात खुर्च्या सरकतात, कोणीतरी चहा मागतं,
तबला लागतो, बाई गुणगुणतात,
क्लॅरिओनेट वर चढतं, चढता चढता फाटतं,
आणि बाबांचाच आवाज, वीस वर्षांनी तरुण :
थांबा, चुकलू मी. परत घ्या.
पोरीची फी भराला गेलतू, धावत आलू.
सगळे हसतात. बाईसुद्धा.

बाबा हसले नाहीत.
यो कनाला ठेवला, म्हणाले.
बरोबर वाजवलेला नव्याण्णवला,
न चुकलेला पाचशेला?
मग नेब्युलायझरचा मास्क वर सरकवून
पुन्हा लाव म्हणाले.
पुन्हा लावली.
तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून
गुडघ्यावर बोटं ठेवली,
आणि फाटतं त्या जागी
एक बोट जरा आधी उचललं.

दुसऱ्या दिवसापासून
गवाणकर चहाला गेले की
मी पुस्तिका उघडते, पान अठरा,
नळाच्या न वर बारीक रेघ मारते,
डोक्यावर निळ्या बॉलपेनने ण लिहिते,
फुंकर घालून वाळवते, फीत बांधते.
सगळ्यांत जमत नाही.
रुक्सानाला माहीत आहे, ती दाराकडे बघत असते.

तुमच्याकडे ती मखमली असेल तर बघा.
निळा ण दिसला तर
ते खोकं पाच नंबरच्या टेबलावरचं.
त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.