अंगठ्याखाली

रामबागेतल्या वाचनालयाची साडेतीन हजार पुस्तकं
आता एका काळ्या डबीत मावतात,
आणि ती डबी माझ्या ताब्यात आहे,
कारण एकतीस वर्षं बँकेत
मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.

आधी दुबार काढायचे.
एकच कादंबरी तीनदा: एकदा शीर्षकाने,
एकदा लेखकाच्या आडनावाने,
एकदा नुसतं "नवीन नवीन खरंच नवीन".
मग अनाथ.
मुखपृष्ठ आहे, पुस्तक नाही.
पुस्तक आहे, यादीत नाव नाही.
नाव आहे, आणि टिचकी मारली की
यंत्र म्हणतं, सापडत नाही,
पोस्टमन म्हणायचा ना, घर बंद आहे, तसं.

हे सगळं स्कॅन केलं लोकेश चौकसेनं,
पानाला चाळीस पैसे.
ळ म्हणताना त्याची जीभ वळत नाही,
टाइप करताना बोटंही वळली नाहीत.
बाळंतविडा झाला बालंतविडा,
गूळ झाला गूल,
पळस, पलस.
मी ओळीने दुरुस्त करत गेले,
शाळेत हातावर पट्टी मारावी तशी.

मंगळवारी रात्री "कुंपणावरची वेल" आली
आणि तिच्याखाली "कुंपणावरची वेळ".
हसले मी. लोकेश, लोकेश.
वेल पुसून टाकली.
टोपलीही रिकामी केली, कारण इंदुरात
कचरा रात्रभर घरात ठेवायची सवय
आता राहिलेली नाही कुणाला.

सकाळी गाडी गल्लीत शिरली गाणं वाजवत.
ओला डबा, सुका डबा, खाली जाऊन वर आले,
चहासोबत अनाथ मुखपृष्ठं चाळते,
तर एकावर दुधी भोपळा.
लांबट, हिरवा, बांबूला लोंबणारा.
कुंपणावरची वेल.
घरच्या घरी भाजीपाला, किंमत चार आणे.
आणि "वेळ" उघडली तर त्या कविता,
कुणा शिक्षिकेच्या,
सगळ्या संध्याकाळी साडेसहाच्या.

कागदाचं पुस्तक?
स्कॅन झाल्यावर कार्यकारिणीने ठराव केला, रद्दी.
ठरावाखाली सही माझी.

लोकेश आता पीथमपूरला, गिअरच्या कारखान्यात.
पाळी सुटल्यावर फोन उचलला.
"वो लौकी वाली, मैडम? मेरे पास है ना."
फायली स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊ नयेत
असा नियम होता. तोही माझाच.
पण नानीला गच्चीवर दोडकी लावायची होती.
तिला मराठी येत नव्हती,
चित्रं येत होती.

फाइल आली. नाव: "वेल फाइनल दो".
पान एक्केचाळीस, मांडवाची आकृती,
आणि खालच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा,
नखात निळी शाई.
असे अंगठे गेल्या महिन्यात मी शेकड्याने कापले,
चौकट लावायची, छाटायचं, पुढचं पान.
ह्याच्याखाली ओळीचं शेपूट गेलंय:
"बी पेरताना खड्ड्याची खोली सुमारे"
आणि पुढे अंगठा.

पुन्हा फोन.
मागे भोंगा, कुणीतरी हाका मारतंय.
"रुकिए, नानी से पूछता हूँ."
वीस मिनिटांनी निरोप आला:
दो उँगल. ज़्यादा नहीं, सड़ जाता है.

टिपणाच्या रकान्यात लिहिलं,
बँकेतल्या अक्षराच्या सवयीने, नीट:
पृष्ठ ४१, अंगठ्याखाली, दोन बोटं.
जास्त नको, बी कुजतं.
माहिती: लोकेशची नानी.
अंगठा छाटला नाही.

पुढची जोडी: "माळ", "माल".
दोन्ही उघडल्या.