सरपण

किल्ला म्हणायचे त्याला, पण दगड असा नव्हताच त्यात.
कॉटनवुडचे ओंडके उभे रोवलेले, काही तर सालीसकट.
पावसात फुगायचे, थंडीत तडकायचे;
रात्री बंदूक उडावी तसा आवाज व्हायचा
आणि तटाखाली निजलेली कुत्री नुसते कान हलवायची.

त्याचा दरवाजा रोझालीच्या बापाने केलेला.
अँतवान देजार्ले, कंपनीचा सुतार.
दोन कवाडं, एका कवाडात दिंडी,
माणूस वाकून आत येईल एवढीच.
म्हणायचा, वाकल्याशिवाय कुणाला आत घेऊ नये,
साहेबाला नाही, मलासुद्धा नाही.

आतल्या खांबावर चाकूच्या खुणा होत्या.
दर वर्षी बर्फ फुटायच्या दिवसांत
आधी मिसूरी सुटते की यलोस्टोन
यावर वर बुरुजात पैजा लागायच्या, तंबाखूच्या,
आणि खाली हा पोरीला खांबाला टेकवून उभी करायचा,
डोक्यावर तळहात सपाट ठेवून म्हणायचा,
हलू नकोस, नदी बघतेय.

सात खुणा. आठवी नाही.

त्या उन्हाळ्यात बोट आली. कांबळी, निळे मणी,
तांब्याच्या किटल्या, आणि गठ्ठ्यांच्या आडोशाला
अंग फणफणलेला एक खलाशी.
देवी आल्या.
(काय शब्द आहे हा!
जणू कुणी खणानारळ घेऊन बसलं होतं त्यांची ओटी भरायला.)

साहेबाने दरवाजा लावून घेतला. आई बाहेर होती,
आपल्या असिनिबॉइन माणसांत,
बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली.
तिसऱ्या दिवशी तिने दिंडी वाजवली,
हाताने नाही, शिंगाच्या चमच्याने,
जेवायला हाक मारताना वाजवायची त्याच ठेक्यात.
आत बापाने अडसराला खांदा लावलेला.
उघडायला, की धरून ठेवायला?
रोझालीने कधी विचारलं नाही
आणि तो प्यायल्यावरही बोलला नाही.

मग तीस वर्षं.
बीव्हर संपले. बायसनची कातडी येईनाशी झाली.
नदीने हळूच कूस बदलली,
धक्का होता तिथे विलोची झुडपं माजली,
आणि शेवटी किल्ला मोडीत निघाला:
रचलेल्या ढिगाला आठ डॉलर,
येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींसाठी.

'लिडिया मॅकॉर्ड' त्या दिवशी सेंट लुईकडे उतरत होती.
रोझाली तिच्यावर धुण्याच्या कामाला.
मिसूरीचं पाणी पिंपात रात्रभर निवळत ठेवायचं,
सकाळी तळाला बोटभर गाळ,
तेव्हा कुठे सदरे पांढऱ्याच्या आसपास यायचे.
तिने मान वर केली तर फळीवरून खांब येत होता,
एलायजा ट्रॉटच्या खांद्यावर.
सातवी खूण तिच्या बरगडीपाशी आली.

तो थांबला. बघून घेतलं त्याने, बोट फिरवलं खाचांवरून;
त्याच्याही पाठीवर कुणाच्या तरी खुणा होत्या.
बाजूला ठेवू का, म्हणाला.
ती बराच वेळ हात पुसत राहिली.
मग म्हणाली, घाल. वाळलेलं आहे, धूर होणार नाही.

झाला मात्र. खूप झाला.
दोन्ही नद्यांचं पाणी मैलभर
एकमेकांत न मिसळता शेजारून चाललं होतं,
आणि त्यावर त्या धुराची सावली.

रात्री वाळूच्या बेटाला बोट लावून भट्टी साफ केली.
राखेत एक कडी निघाली, अडसर अडकवायची.
एलायजाने फावड्यावर धरून आणली:
हे जळत नाही, बाई.
तिने एप्रनच्या टोकात घेतली. टोक करपलं.

ती कडी ती ओल्या चादरीच्या कोपऱ्याला बांधायची,
वाऱ्याने उडू नये म्हणून. पुढची सगळी वर्षं.
वारा पडला की गप्प, सुटला की
बोटीच्या कठड्यावर वाजत राहायची.
कसलाच ठेका नव्हता त्याला.
तरी ती मान वळवायची.