उष्टं पान

थाटीपूरच्या पाण्याच्या टाकीमागे
रुईचं एक झुडूप आहे.
शनिवारी सकाळी मी तिथे पानं तोडायला जाते,
अकरा, मिळाली तर एकवीस,
मारुतीच्या माळेपुरती.

या खेपेला एक पान उलटं केलं तर मागे
सहा पायांचं काहीतरी.
पिवळट हिरवं, अंगभर काळे ठिपके,
मधूनच एखादा लाल,
कुणी ओला कुंचला झटकल्यासारखा.
पंख नाहीत. पंखांच्या जागी
चिमटीत मावेल एवढं नुसतं कबूल केलेलं.

टाकीवरचा परमाल खुर्चीतूनच ओरडला,
"दीदी, अकौए का टिड्डा है, छूना मत,
पिचकारी मारता है."
मी हात लावला.
मारली त्यानं.

उर्मीला दाखवायला बरणीतून घरी आणलं.
"मावशी, रुई म्हणजे कापूस ना?"
शाळेत कापूस. आपल्या घरात हे झाड.
परमालकडे अकौआ.
झाडानं अजून कशालाच ओ दिलेली नाही.

तिनं चिठ्ठीवर लिहिलं: किडा.
म्हटलं, हे तर काहीच लिहिलं नाहीस.
तोंड बघ. चावतं की टोचतं?
शेंगेवर घोळका करून बसतात ती लाल पिल्लं
सोंड पोटाखाली दुमडून ठेवतात, ती ढेकणांच्या गोतातली.
कोवळ्या शेंड्यावरचा पिवळा भुगा, तो मावा, नीट बघ, चालतोय.
आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, तीन जोड काळ्या शिंगांची अळी,
तिचं फुलपाखरू होतं
हे तुला आधीच ठाऊक आहे,
तिचं सगळ्यांनाच ठाऊक असतं.
याचं बघ.

याचे आईबाप निळे.
निळ्यावर पिवळे पट्टे, लग्नाला निघाल्यासारखे.
उर्मी म्हणाली, शक्यच नाही.

पुण्याला एका रिक्षावाल्यानं मला विचारलं होतं,
"तुम्ही मूळच्या कुठल्या?"
मी ग्वाल्हेर म्हटलं.
"नाही, पण मूळच्या?"
मीटर चालू होता.
पणजोबांच्या गावाचं नाव आठवेपर्यंत
स्वारगेट आलं.

गुरुवारी बरणीत दोन दिसले.
एक हलत होता. दुसरा पोकळ,
पाठीवर उसवलेला, ठिपके मात्र जागच्या जागी,
मिशासुद्धा.
हलणाऱ्याची ती कबुली
थोडी वाढली होती.
उर्मीनं "किडा" खोडलं, "टोळ" लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग जरा विचार करून
त्यावर तारीख घातली.

शनिवारी त्याला त्याच फांदीवर सोडला
आणि पलीकडच्या फांदीची पानं घेतली.
एकाला कडेनं कुरतडलेलं होतं,
दोऱ्यात ओवून झाल्यावर लक्षात आलं.
पुजाऱ्यानं माळ हातात फिरवली,
तिथे अंगठा थांबला.
"उष्टं आहे हे."
कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मला अजून नीट सांगता आलं नसतं.