भिशी

जेल रोडच्या दुकानदारानं आकडा
तोंडानं सांगितलाच नाही,
कॅल्क्युलेटर फक्त आमच्याकडे वळवला.
"डॉलर, कस्टम, वर जीएसटी.
मला काय उरतं यात, भिया?"
हृषीकनं शून्यं पुन्हा मोजली.

मग आईच्याच वहीतली युक्ती:
सहा जण, महिना हजार, दहा महिने.
नवव्या महिन्यात भाव चढला.
कुणी शिवीसुद्धा दिली नाही,
अकरावा महिना धरला.

आता तो पांढरा खोका
आठवड्याला घर बदलतो,
टॉवेलात गुंडाळलेला, स्कूटरवर दोघांच्या मध्ये,
रामबागेतून सुदामानगरला,
आणि त्या त्या घरची आई
टीव्हीपुढची जागा पुसून ठेवते.

माझ्या आठवड्यात
रात्री साडेबाराला बाहेरच्या खोलीत उजेड.
बाबा.
आवाज बंद, चष्मा कपाळावर,
कुठल्याशा परक्या शहरात गाडी घेऊन निघालेले,
भिंतींना घासत,
लाल दिवा दिसला की मात्र थांबत.
मागचे सगळे पुढे निघून गेले.

रविवारी टॉवेलची गाठ मारताना म्हणाले,
"आपली पाळी परत कधी?"
"पाच घरं झाली की."

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
त्यांनी एक बारीक फुली केली.