अर्जंट

रात्री साडेअकराला, शटर अर्धं ओढल्यावर
वासू गुरव वाकून आत आला.
हातात हँगर, हँगरला जाकीट.
"चाचा, साहेबांचं आहे. विमानात रस्सा सांडला.
सकाळी नवाला हॉल. अर्जंट."

वासू आमच्याच पंचक्रोशीतला.
रुसेलच्या कारखान्यात क्रेन चालवतो,
शुक्रवारी पक्षाचं काम.
गावात त्याचा भाऊ बूथप्रमुख,
मतदार यादीत परकार कुठल्या पानावर सुरू होतात
हे त्याला तोंडपाठ.

जाकीट भारी होतं. भाषणात खादी, अंगात इटालियन लोकर.
अस्तर मात्र भगवं,
जिथे धोब्याचाच हात पोचतो तिथे.

खिसे तपासायचा नियम आहे.
एकदा मी एकाचा पासपोर्ट धुतला होता.
डावीकडे साखरेवरच्या गोळ्या, दोन उरलेल्या.
उजवीकडे भाषण,
लाल पेनाने आडव्या मारलेल्या ओळी
आणि समासात: यजमान देश. बंधुभाव. इथे थांबून हसणे.

मारलेल्या ओळी मला येतात.
मंडणगडच्या स्टँडसमोर ऐकल्या होत्या,
सुट्टीवर होतो, हातात बांगड्यांची पिशवी
(मासे हो, काचेच्या नव्हेत),
अख्ख्या ऐकल्या, एकही न मारलेली.
टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या पंपाचा मेस्त्री होता.
मला बघून त्याने हात खाली घेतले.
मग परत वर.

रस्सा निघाला. हळद निघत नाही,
उन्हात फिकी होते, आणि रुवीत तेव्हा रात्र.
तिसऱ्या बटणाशी पिवळं राहिलं, पुसट.

कागद चुरगळलेला, म्हणून त्यावरही इस्त्री फिरवली.
सवय.
आणि लाल रेघा गेल्या.
कसली शाई होती अल्ला जाणे,
उष्णतेने उडाली, समासासकट,
आणि स्टँडसमोरचं सगळं भाषण
माझ्या टेबलावर धडधाकट उभं.

एसीचा आवाज येत होता. मोक्तार पोत्यांवर झोपलेला.
मी बराच वेळ काही केलं नाही.
तसाच घडी घालून खिशात ठेवला असता
तर काय झालं असतं, हे मी
एकदा नाही, दोनदा मनात चालवून बघितलं.
दुसऱ्यांदा मजाही आली.

मग कपड्यांवर नंबर टाकायचं पेन घेतलं,
धुण्याने न जाणाऱ्या शाईचं,
आणि ओळी मारल्या. आठवून, एकेक.
एक माझ्या पदरची जास्त.

सकाळी हॉलमध्ये मागच्या दाराशी उभा राहिलो.
साहेबांनी कागद काढला, उजेडाला धरला,
चश्मा वर केला, खाली केला,
आणि पुढच्या ओळीवर गेले.
बंधुभावापाशी मात्र हसले नाहीत.
समासातलं लिहायचं माझ्याकडून राहून गेलं.

संध्याकाळी वासू आला. "किती झाले?"
"आठशे बैसा."
"साहेबांकडून पण?"
"अर्जंटचे दुप्पट असतात वासू. पाटीवर लिहिलंय."